ऑफ-रोड शर्यतीच्या गाडीची वाकलेली ॲल्युमिनियमची चाके : सरळ करावीत की भंगारात टाकावीत?

खडकवाट

आमच्या शर्यतीच्या गाडीची चार चाके गेल्या शर्यतीपासून कार्यशाळेच्या कोपऱ्यात पडून आहेत. चारही १७ इंची आणि ॲल्युमिनियमची. त्यांपैकी दोन ओतीव (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली) व दोन फोर्ज केलेली (प्रचंड दाबाखाली घडवलेली) आहेत. पहिल्या चाकाच्या आतल्या कडेला तळहाताएवढा पोचा पडला आहे. दुसऱ्याची आतली कड दोन ठिकाणी दबली आहे. तिसऱ्यावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, परंतु गाडीला जोडून फिरवले की ते उघडउघड डुलते. चौथ्याच्या एका आऱ्याच्या मुळाशी रंगाला केसाएवढी चीर गेली आहे. पहिली दोन फोर्ज केलेली आणि शेवटची दोन ओतीव आहेत.

एका जाणत्या मेकॅनिकने सांगितले की गॅसच्या टॉर्चने तापवून हातोडा मारला की अर्ध्या तासात चाक सरळ होते. दुसऱ्या तितक्याच जाणत्या माणसाने सांगितले की एकदा वाकलेले ॲल्युमिनियम म्हणजे भंगार. दोघेही इतक्या ठामपणे बोलतात की मला निर्णय घेता येत नाही. ज्यांनी स्वतः अशी चाके सरळ करून पुन्हा खडकांवर, उड्यांवर वापरली आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

गिअरमास्तर

सरळ करण्याआधी ती किती आणि कुठे वाकली आहेत हे मोजा. टायर काढून टाका, हबवर बसणारा पृष्ठभाग घासून स्वच्छ करा, चाक हबवर किंवा बॅलन्सिंगच्या शाफ्टवर नीट मध्यभागी बसवा आणि डायल गेजचे (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक टायरचे बीड, म्हणजे टायरची आतली जाड कड, जिथे टेकते त्या जागेवर ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना, प्रत्येक ठिकाणी वर-खाली किती आणि डावी-उजवीकडे किती, असे चार आकडे लिहून घ्या. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेवर खडूने खुणा करा. अगदी बाहेरच्या कडेवर गेज लावून मोजू नये, कारण दगडांनी टवके उडालेली कड सरळ चाकालाही वाकडे ठरवते.

चिखल्या

आमच्या चालकाचे म्हणणे वेगळे आहे. प्रत्येक शर्यतीनंतर तो म्हणतो, "चाक वाकडे होते म्हणून मागे राहिलो." आम्ही त्याला इतकेच सांगतो की नाचता येईना, अंगण वाकडे.

धातुवेडा

मूळ प्रश्नातली "ओतीव" आणि "फोर्ज केलेली" ही माहिती सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही.

ओतीव चाके बहुधा ए३५६ या मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते. त्यामुळे वितळलेला धातू साच्यात सहज पसरतो, परंतु घट्ट झाल्यावर सिलिकॉनचे ठिसूळ कण धातूभर विखुरलेले राहतात आणि ओतकामातली बारीक छिद्रे त्यात भर घालतात. असा धातू थोडा वाकतो आणि मग तडकतो. फोर्ज केलेली चाके बहुधा ६०६१ या मिश्रधातूची असतात; तिथे प्रचंड दाबाखाली धातूचे कण दाबले गेलेले असतात आणि तुटण्यापूर्वी तो बराच अधिक वाकतो. त्यामुळे एकाच खडकावर आपटून ओतीव चाकाला तडा जातो आणि फोर्ज केलेल्याला पोचा पडतो.

आता उष्णतेविषयी. दोन्ही प्रकारच्या चाकांची ताकद टी६ नावाच्या उष्मोपचारातून येते. चाक आधी सुमारे ५३० ते ५४० अंश सेल्सियसला तापवतात, झटकन पाण्यात बुडवतात आणि नंतर १६० ते १८० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात. या शेवटच्या पायरीत धातूच्या पोटात अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तेच त्याला घट्ट धरून ठेवतात. टॉर्चने चाक २०० अंशांच्या बरेच वर नेले की हे कण मोठे व विरळ होऊ लागतात, आणि ३५० ते ४०० अंशांना पोहोचले की सगळे कमावलेले गेले. ६०६१ टी६ स्थितीत सुमारे २७६ मेगापास्कल ताण सोसल्यानंतर कायमचा वाकतो. पूर्ण मऊ केलेला तोच धातू सुमारे ५५ मेगापास्कलला वाकतो. ताकद एक पंचमांश उरते आणि चाक दिसायला मात्र पूर्वीसारखेच चकचकीत असते.

जुना_पाना

धातुवेडा यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी अनेक वर्षे शर्यतीच्या गाड्यांची चाके सरळ करत आलो आहे आणि थंड चाक ठोकल्यामुळे जितकी चाके तडकलेली पाहिली, तितकी तापवल्यामुळे निकामी झालेली पाहिली नाहीत. तापमान कळण्याची आमची पद्धत सोपी आहे. ॲसिटिलीनच्या पिवळ्या ज्योतीने पोच्यावर काजळी धरायची, मग स्वच्छ ज्योतीने तापवायचे. काजळी उडून गेली की धातू तयार झाला. काही जण साबणाची वडी घासतात आणि ती काळी पडण्याची वाट पाहतात. मग लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याचे मोजके घाव घालायचे. चाक लोण्यासारखे वळते.

धातुवेडा

ते लोण्यासारखे वळते, हीच माझी तक्रार आहे. काजळी आणि साबण या दोन्ही युक्त्या पत्राकाम करणाऱ्यांच्या आहेत आणि त्या ॲल्युमिनियम मुद्दाम मऊ करण्यासाठीच शोधल्या गेल्या आहेत. काजळी उडते तेव्हा धातू ४०० अंशांच्या आसपास असतो. पत्र्याला गोलाई द्यायची असेल तर ते योग्यच आहे, परंतु चाकाला तो मऊपणा पुढे कायमचा वागवावा लागतो. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होत नाही. उजेडात पाहिले तर वितळेपर्यंत त्याचा रंग बदलल्याचे कळतच नाही. ६०६१ चे वितळणे सुमारे ५८० अंशांना सुरू होते. म्हणजे "तयार" आणि "खाली गळाले" यांच्यात टॉर्चवाल्याच्या हाती फारसे अंतर नसते.

थंड चाक ठोकल्यास तडकते, हा आपला अनुभव मात्र खरा आहे. माझ्या मते दोष थंडपणाचा कमी आणि ठोकण्याचा जास्त आहे. घाव एका बिंदूवर आणि क्षणात बसतो. त्याऐवजी हायड्रॉलिक जॅकने, पोच्याच्या आकाराला जुळणारा ठोकळा मध्ये ठेवून, सावकाश दाब द्यावा. सौम्य ऊब द्यायचीच असेल तर १५० अंशांपर्यंत द्यावी, थोडाच वेळ द्यावी, आणि तापमान ठरावीक अंशाला वितळणाऱ्या खडूने किंवा टेकवण्याच्या तापमापकाने पाहावे. दुरून रोखून पाहण्याचा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर खूपच कमी आकडा दाखवतो. त्याच्या भरवशावर राहिल्यास चाक अजून थंड आहे असे समजून आपण ते जाळतो.

लोखंडी

इतका खटाटोप करण्यापेक्षा पोलादी चाके बसवा. वाकली तर ठोका, पुन्हा वाकली तर पुन्हा ठोका.

गिअरमास्तर

लोखंडी, आडवाटेच्या भटकंतीसाठी आपला सल्ला मान्य आहे. शर्यतीत मात्र चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते आणि खडबडीत जमिनीवर दर सेकंदाला ते वर-खाली फेकावे लागते. ते जितके जड, तितके शॉक ॲब्सॉर्बर लवकर तापतात आणि टायर जमिनीपासून जास्त वेळ सुटलेला राहतो. पोलाद तिप्पट ताठ आहे, पण जवळजवळ तिप्पट जडही आहे. जाडी वाढवली की ताठपणा झपाट्याने वाढतो, म्हणून ॲल्युमिनियमचे चाक जाड करूनही हलके राहते. आपण म्हणता त्या सुखाची किंमत प्रत्येक फेरीत मोजावी लागते.

मृगजळ

मी लांब पल्ल्याच्या रॅलीत सहचालक म्हणून बसते, त्यामुळे माझा अनुभव कार्यशाळेतला नसून मैदानातला आहे. कड वाकून हवा जात असेल आणि मदतीची गाडी कित्येक तास दूर असेल, तेव्हा डायल गेजचा विचारही मनात येत नाही. आमच्याकडे एक मोठा ॲडजस्टेबल पाना असतो. त्याच्या जबड्यात जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून ठेवतो, वाकलेली कड पकडतो आणि पान्याच्या टोकाला लोंबकळून ती थोडीथोडी बाहेर ओढतो. एका जागी जोर न लावता पोच्याच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत जायचे. टायरचे बीड टेकून हवा राहिली की पुढे निघायचे. चाक गोल झाले की नाही, याची चिंता मुक्कामावर करायची.

एकदा घाईत ट्यूबचा तुकडा न लावताच पाना लावला. कड सरळ झाली, पण जबड्याचे चार दात धातूत उमटले. पुढच्या मुक्कामावर चाक पुसताना त्यांतल्या एका दाताच्या खुणेतून निघालेली भेग माझ्या नखाला लागली. ती कडेपासून बोटाच्या पेराएवढी आत गेली होती. तेव्हापासून आमच्या पेटीत पान्याला तो ट्यूबचा तुकडा दोरीने बांधलेलाच असतो.

थोडे विषयाच्या कडेने : चाके वाकण्याचे प्रमाण टायरच्या उंचीवर किती अवलंबून असते, हे डाकार रॅलीच्या नियमांतही दिसते. २०२२ मध्ये तिथे टी१ प्लस हा गाड्यांचा प्रकार आला, तेव्हा टायर ३२ इंचांवरून ३७ इंचांचे झाले आणि रिम मात्र १६ वरून १७ इंचांवरच थांबली. म्हणजे खडक आणि रिमची कड यांच्यामधली रबराची भिंत ८ इंचांवरून १० इंचांची झाली. ज्यांनी वाळूसाठी हवा कमी केली आणि पुढच्या खडकाळ टप्प्यापूर्वी ती पुन्हा भरली नाही, त्यांना या दोन इंचांचे मोल वेगळे सांगायला नको.

चिखल्या

पान्याला लोंबकळण्यासाठी सहचालकाचे किमान वजन किती असावे, हेही नियमांत यायला हवे.

मृगजळ

त्या कामाला चालक असतो. मी विजेरी धरते आणि "अजून जोर लावा" असे म्हणते.

मापाडी

मृगजळ यांचा भेगेचा अनुभव आणि मूळ प्रश्नातले चौथे चाक यांचा जवळचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चाकांच्या आघातचाचणीचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७१४१. ते प्रवासी गाड्यांच्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आहे, तरीही त्यातला विचार इथे उपयोगी पडतो. टायर चढवलेले चाक आडव्याशी १३ अंशांच्या कोनात कलते बसवतात आणि त्याच्या कडेवर २३० मि.मी. उंचीवरून वजन सोडतात. त्या चाकावर जास्तीत जास्त जितका भार येणार असेल, त्याच्या ०.६ पट अधिक १८० किलो, इतके ते वजन असते. मध्यभागाला आरपार तडा गेला, मध्यभाग रिमपासून सुटला किंवा मिनिटभरात सगळी हवा गेली, तर चाक नापास होते. जिथे घाव बसला तिथली कड वाकली, तर केवळ तेवढ्यासाठी ते नापास ठरत नाही. थोडक्यात, कडेने वाकून घाव पोटात घ्यावा आणि आऱ्यांनी व मध्यभागाने जागचे हलू नये, अशीच चाकाकडून अपेक्षा आहे. आतली कड आऱ्यांपासून दूर व निराधार असते, म्हणून बहुतेक पोचे तिथेच पडतात. आरा किंवा बोल्टांची बैठक वाकली असेल, तर ज्याने वाकायचेच नव्हते तेच वाकलेले असते.

यासाठी खडकवाट यांनी चौथ्या चाकावर रंगद्रव्याची चाचणी करावी. रंग रासायनिक द्रावणाने काढावा. वाळूचा मारा करू नये आणि तारेच्या ब्रशनेही घासू नये, कारण मऊ ॲल्युमिनियम सारवल्यासारखे पसरते आणि भेगेचे तोंड बंद होते. मग लाल रंगद्रव्य फवारावे, १० ते २० मिनिटे मुरू द्यावे, पृष्ठभाग कापडाने पुसून घ्यावा आणि पांढरा डेव्हलपर फवारावा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पुसताना द्रावण थेट चाकावर ओतू नये, कारण ते भेगेत मुरलेला रंगही धुऊन काढते आणि खोटे समाधान देते.

नवशिक्या

अतिशय माहितीपूर्ण धागा आहे. माझ्या गाडीला बीडलॉकची चाके आहेत, म्हणजे टायरचे बीड बोल्टच्या कड्याने आवळून धरणारी. बाहेरचे बोल्टचे कडे वाकले, तर तेही असेच सरळ करायचे का?

गिअरमास्तर

कडे सरळ करत बसू नका. ते सुटे असते आणि मार खाण्यासाठीच असते, त्यामुळे नवे लावा. काळजी त्याखालच्या चाकाच्या पृष्ठभागाची घ्या. त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट पाहा. तो पृष्ठभाग वाकडा असताना नवे कडे बोल्टांनी ओढून बसवले, तर प्रत्येक बोल्टवर वेगळा ताण येतो आणि उडीनंतर एकेक बोल्टचे डोके उडते. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा आणि पहिल्या धावेनंतर पुन्हा तपासा.

लोखंडी

आऱ्याला भेग निघालीच, तर टिग वेल्डिंग करून घेता येणार नाही का? कडेच्या भेगा वेल्डिंग केलेली चाके मी धावताना पाहिली आहेत.

धातुवेडा

पाहिली असतील, आणि कडेच्या लहान भेगेपुरते वेल्डिंग जगभर केले जाते. तरीही वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंचा पट्टा टी६ ची ताकद गमावतो. तो पट्टा आऱ्याच्या मुळाशी, म्हणजे दर फेऱ्याला ताण उलटसुलट होणाऱ्या जागेवर आला, तर भेग वेल्डिंगच्या शेजारून नव्याने निघते. सगळे चाक पुन्हा ५३० अंशांना नेऊन पाण्यात बुडवावे, तर ते पिळते आणि लेथवर पुन्हा खरे करावे लागते. आऱ्याच्या भेगेला दुरुस्ती नाही.

सरळ केलेल्या कडेविषयीही एक गोष्ट राहिली. वाकताना धातूची लांबण्याची थोडी क्षमता खर्च होते आणि सरळ होताना तितकीच आणखी खर्च होते. शिवाय पोलादाला जशी थकव्याची एक किमान मर्यादा असते, ज्याखालच्या ताणाने ते कितीही फेऱ्यांनंतर तुटत नाही, तशी स्पष्ट मर्यादा ॲल्युमिनियमला नाही. म्हणून सरळ केलेल्या प्रत्येक चाकावर क्रमांक कोरा आणि ते कधी, कुठे वाकले याची वही ठेवा. त्याच जागी दुसऱ्यांदा वाकले तर ते चाक काढून टाका.

जुना_पाना

काजळीच्या युक्तीचा उगम मला ठाऊक नव्हता. ज्यांनी शिकवली त्यांनाही नसावा. माझ्या हातची काही चाके पुन्हा त्याच जागी वाकून परत येत असत आणि मी दर वेळी चालकाला बोल लावत असे. तो हिशेब आता वेगळा मांडावा लागेल.

जॅकच्या बाबतीत हातच्या अनुभवाची भर घालतो. जॅक सोडला की ॲल्युमिनियम मागे येते, म्हणून कड सरळ रेषेच्या थोडी पलीकडे न्यावी लागते. एका दमात नेऊ नये. थोडे ढकला, जॅक सोडा, गेज पाहा, पुन्हा ढकला. जॅकचे दुसरे टोक कधीही समोरच्या कडेवर टेकवू नका, नाहीतर एक पोचा काढताना समोर दुसरा काढाल. मी काढलेला आहे. दाब मध्यभागी बसवलेल्या जाड पोलादी आधारावर घ्यावा. दाब देताना कट्ट असा आवाज आला तर तिथेच थांबा आणि चाक बाजूला ठेवा.

खडकवाट

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत आपण सांगितले त्या क्रमाने काम केले, त्याचा अहवाल देतो.

पहिल्या चाकाची आतली कड ४ मि.मी. आत गेली होती. उष्णता न देता, जॅक आणि लाकडी ठोकळा वापरून, नऊ वेळा ढकलून ती ०.६ मि.मी. पर्यंत आली. त्यापुढे हव्यास केला नाही. रंगद्रव्याच्या चाचणीत काही निघाले नाही, आणि हवा भरून साबणाचे पाणी लावल्यावर एकही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या चाकाचा एक पोचा निघाला, परंतु दुसऱ्याच्या टोकाशी डेव्हलपरवर नखाएवढी लाल रेघ उमटली. ते बाद केले.

तिसऱ्या चाकाने मला शरमिंदे केले. बॅलन्सिंगच्या शाफ्टवर चढवल्यावर ते जवळजवळ खरे निघाले. गेज गाडीच्या हबवर लावला, तेव्हा हबचा चेहराच ०.४ मि.मी. डुलत होता, आणि चाकाच्या कडेपर्यंत पोहोचताना तोच दोष कितीतरी पट वाढून दिसत होता. मी चाक दाबायला घेतले असते, तर सरळ चाक वाकड्या हबला जुळेल असे वाकवून ठेवले असते.

चौथ्याच्या आऱ्याच्या मुळाशी लाल रेघ इतकी स्पष्ट आली की डेव्हलपर वाळण्याचीही वाट पाहावी लागली नाही.

चिखल्या

म्हणजे या वेळी अंगण खरोखरच वाकडे होते. चालकाला कळवतो.

मापाडी

बाद केलेली दोन्ही चाके कापून टाका. कोपऱ्यात अखंड राहिलेले बाद चाक एखाद्या दिवशी घाईत पुन्हा गाडीवर चढते.

खडकवाट

कापली. चौथे चाक कापताना तो आरा भेगेच्या जागी आपोआप तुटला. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ अर्धा भाग काळपट होता आणि त्यात बारीक धूळ बसलेली होती. उरलेला अर्धा ताज्या धातूसारखा चमकत होता. ही भेग या शर्यतीत पडलेली नाही. आता मागच्या तीन शर्यतींत वापरलेली बाकीची ओतीव चाके उतरवून, रंग काढून, एकेक करून तपासतो आहे.